कुरणाची राखण

खूप जुन्या काळी एका डोंगरावर मेंढपाळांची वाडी होती. प्रत्येकाचं आपापलं कुरण, मध्ये दगडी बांध. त्या वाडीत ठकूबाई नावाची एक विधवा मेंढपाळीण राहायची. बोलायला फटकळ, पण मेंढरांवर जीव ओवाळून टाकणारी.

एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि सगळी कुरणं जळून काळी झाली. वाडीवर आकाशच कोसळलं! आता मेंढरं खाणार काय?

राजाच्या कानावर ही गोष्ट गेली. राजा भला होता. त्याने कारभाऱ्याच्या हाती प्रत्येक घराला चाऱ्याचा पैसा पाठवला.

कारभारी म्हणाला, "बाजारातून कडबा घ्या, मेंढरं जगवा. पण एक ऐका. पाऊस पडला की कुरण हिरवं दिसेल. तरी गवताचं बी पडेपर्यंत त्यात मेंढरू घालू नका. तोवर पुरेल एवढा पैसा राजाने दिलाय."

"व्हय सरकार!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाऊस आला. काळ्या मातीतून लुसलुशीत कोंब वर आले. झालं! शेजारच्या म्हाळूने लगेच आपली मेंढरं आत सोडली आणि उरलेल्या पैशांतून जरीचा फेटा आणला. त्याचं बघून सगळ्या वाडीने तेच केलं.

ठकूबाई मात्र कडबाच घालत राहिली. म्हाळू हसून म्हणाला, "अगं ठकू, देवानं ताट वाढलंय आणि तू मेंढरांना वाळकी चिपाडं चारतेस? कारभारी काय बघायला येणार आहे?"

"तो येवो न येवो," ठकूबाई म्हणाली. "भाऊ, पैसे कशाचे घेतले आपण? कुरणाला निजू द्यायचे घेतले ना? मग निजू दे की त्याला!"

बोलायला सोपं होतं हो. पावसाळ्यात कडबा महागला आणि ठकूबाईचा पैसा सरत आला. हिरव्या वासाने मेंढरं बांधापाशी उभी राहून ओरडायची. गाभण मेंढीच्या तर बरगड्या दिसू लागल्या. एके दिवशी ठकूबाईने कुरणाचं काटक्यांचं दार, म्हणजे झाप, उघडायला हात घातला. आता सांगा, कुणाचं मन डगमगणार नाही? ती तिथेच बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली आणि आपला पोसलेला एडका बाजारात नेऊन विकला. त्याचा कडबा आणला. धन्य आहे त्या बाईची!

इकडे म्हाळूच्या मेंढरांनी कोवळे कोंब मुळासकट उपटून खाल्ले. पुढच्या मुसळधार पावसात उघडी माती वाहून गेली. थंडी आली तेव्हा वाडीभर नुसते दगड, आणि ठकूबाईच्या कुरणात गुडघाभर गवत, बी पडून पिकलेलं.

म्हाळू खाली मान घालून आला. "ठकू, मी तुला हसलो. आता माझी मेंढरं मरायला टेकलीत गं."

"मेंढरांचा काय दोष? विळा आण, पेंढ्या बांधून ने. पण मेंढरू आत घालायचं नाही, सांगून ठेवते! आणि जाताना ओटीभर बी ने, तुझ्या रानात फेक."

"याचं काय देऊ तुला?"

"मला काही नको. पुढच्या पावसाळ्यात कुरण राख, म्हणजे झालं."

पुढच्या पावसाळ्यात म्हाळूच्या रानात बारीक हिरवे कोंब आले. मेंढरं बांधापाशी ओरडू लागली. म्हाळूने झाप घट्ट लावलं आणि बाजाराची वाट धरली. या वेळी राजाचा पैसा नव्हता. त्याने जरीचा फेटा विकला आणि कडबा घेऊन घरी आला.

तात्पर्य: संकटात मिळालेली मदत ज्या कामासाठी मिळते, ते काम मनापासून करणाऱ्यालाच ती खरी फळते.