उबवणीची टेकडी

"फोडा म्हणतो ना मी! उरले तेवढे सारे फोडा अन् टाका भट्टीत. मागमूस नाही राहिला पायजे!"

"मामाजी, एकाही गोट्याले हात लावू देणार नाही मी."

"बाजूले हो, पोचू. पोटात लेकरू हाय तुह्या, म्हणून गोडीनं सांगून रायलो."

"लेकरू हाय म्हणूनच हटत नाही!"

हे भांडण इथेच झालं असं सांगतात, तुम्ही आत्ता उभे आहात तिथून चार हातांवर. सासरा लटारू घण घेऊन उभा, आणि सून पोचू त्याच्या समोर, दिवस भरत आलेले, पदर खोचलेला. त्या काळी सासऱ्यापुढे सुनेनं आवाज चढवायचा नसे. तिनं चढवला. मागे सगळी वस्ती उभी होती आणि एकही माणूस तिच्या बाजूचा नव्हता.

पायाखाली बघा. खडकातून अर्धे वर आलेले हे गोल गोटे दिसतात ना, नारळाएवढे? पाय देऊ नका. ही अंडी आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, लांब मानेच्या, शाकाहारी, बैलगाड्यांची रांग उभी राहावी एवढ्या लांब जनावरांची. डायनोसॉर हा शब्द आमच्या गावात फार उशिरा आला. अंडी आहेत हे मात्र गावाला त्याआधीपासून ठाऊक होतं, आणि ते कसं कळलं त्याचीच ही गोष्ट.

लटारूची माणसं चुना भाजणारी. पलीकडच्या नदीवर कुणा राजाची गढी बांधली जात होती, तिला चुना लागे, म्हणून ही मंडळी इथे येऊन राहिली. टेकडीचा दगड चुन्याचाच. त्यातही हे गोटे म्हणजे भट्टीवाल्याला लॉटरीच. चपटे दगड रचले की एकमेकांना चिकटून बसतात, आग गुदमरते. गोल गोटे रचले की मध्ये फटी राहतात आणि आग खालपासून वरपर्यंत मोकळी खेळते. त्यामुळे लटारूनं पहिल्यांदा वेचले ते गोटेच. दोन हंगाम त्यांनी टेकडीची ही बाजू खरवडून भट्टीत घातली. चुना उत्तम निघाला, गढीच्या भिंतीत गेला, लटारूचं नाव झालं.

मोठे दगड फोडून बेताचे करायचं काम बायकांकडे होतं. एका दुपारी पोचूच्या हातोडीखाली एक गोटा भाकरीसारखा दुभंगला. कडेनं बोटाच्या नखाहून जाड असं पांढरं कवच, सगळीकडून सारखं, आणि त्यावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. आत मात्र दगड. पोचूच्या घरी कोंबड्या होत्या. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती उठली आणि जिथून गोटे आणत होते तिथे गेली. खडकातल्या एका खळग्यात गोटे एकमेकांना टेकून बसले होते, कुणीतरी अलगद ठेवावेत तसे.

तिनं सासूला सांगितलं. सासू हसली. "डोहाळे लागले तुले," म्हणाली, "आता दगडातही पिल्लं दिसून रायली!" वस्तीतले पुरुष तिला येता-जाता चिडवू लागले, "काय वो वयनी, आज किती दगडं खुडूक बसले?"

मग ओढ्याची दरड कोसळली आणि आतलं हाड उघडं पडलं. ते मांडीचं हाड आहे हे खाटिकाच्या पोरालाही कळलं असतं. फक्त लटारू त्याच्या शेजारी आडवा झाला तेव्हा हाड त्याच्याहून लांब भरलं. त्या दिवसापासून पोचूला चिडवणं थांबलं.

दगडाची अंडी घालणारी ती आई केवढी असेल, याचा हिशेब प्रत्येकानं मनातल्या मनात केला. आणि दोन हंगाम आपण काय भाजलं, कुणाची पोरं भिंतीत चिणली, याचाही. त्याच आठवड्यात म्हणे जमिनीतून गडगड ऐकू आली. उतरंडीची मडकी हलली. भूकंपाचे बारके धक्के या भागात बसतात, मला ठाऊक आहे. पण त्यांना कोण सांगणार? ते म्हणाले, ती निघाली आहे. चालत येते आहे.

मग वस्तीनं काय काय केलं ते ऐका. म्हशींच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबल्या. धूर दिसू नये म्हणून दिवसा चुली पेटवेनात, पोरांना शिळं खाऊ घालू लागले. पोर रडलं की आईच त्याच्या तोंडावर हात ठेवी. मुसळाचा आवाज बंद. लग्न ठरलेलं होतं एक, ते वाजंत्रीशिवाय उरकलं. माणसं बोलताना मध्येच थांबून कान देऊ लागली. काहीच आलं नाही. त्यानं भीती कमी झाली असं वाटेल तुम्हाला. उलट वाढली. आज नाही आली म्हणजे उद्या येणार.

पळून जावं तर गढीचं काम अंगावर घेतलेलं, राजाचे शिपाई सोडणार नव्हते. शेवटी लटारूच्या डोक्यानं घेतलं की एवढा एक खळगा शिल्लक आहे, तोही भाजून टाकू. घरटंच नसलं तर ती शोधेल कशाला? इथं कधी काही होतं हेच तिला कळणार नाही. वस्तीला ते पटलं. भ्यालेल्या माणसांना पटतं असलं. पोचूला म्हणाले, सगळ्यात जास्त भीती तुलाच, पोराच्या बदल्यात पोर मागितलं तर ती तुझंच नेईल. पोचूलाही ते खरं वाटत होतं. ती निधड्या छातीची होती वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं, पोट धरून बसायची ती. तरीही लटारू घण घेऊन टेकडी चढला तेव्हा ती त्याच्या आधी इथे येऊन उभी होती.

आता खरं-खोटं. माझ्याकडे जाणकार येतात, मी त्यांना प्रश्न विचारते, पुस्तकं मागून घेते आणि वाचते. एवढ्या वजनाचं जनावर अंड्यांवर बसूच शकत नाही, चुराडा होईल, हे पटण्यासारखं आहे. खळग्यात अंडी घालून, वर माती लोटून त्या निघून जात असाव्यात, कासवी जाते तशी, असं बरेच जण म्हणतात. त्या जवळपास थांबत होत्या का? पिल्लांना ओळखत होत्या का? यावर ठामपणे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. एक जण म्हणाला, "आजी, ती मागे वळूनही बघत नसणार." असेल. तो तिथे नव्हता, मीही नव्हते. आपल्या टेकडीवरच्या या अंड्यांतून पिल्लं का निघाली नाहीत, तेही कळलेलं नाही. पूर आला आणि गाळाखाली गुदमरली? पुढे या मुलखावर लाव्हाचे थरांवर थर पसरले, आकाशातून दगड कोसळला. ती जात कशानं संपली, पहिल्यानं की दुसऱ्यानं की दोन्ही मिळून, यावरून शिकलेली माणसं अजून भांडतात. भांडू देत. न कळलेल्या गोष्टीला कळली म्हणण्यापेक्षा भांडण बरं.

आजही या टेकडीवर कुणी हातोडी घेऊन चढत नाही. आजही गावात भिंतींना चुना लागतो तो बाहेरून विकत आणलेला. आणि आजही चैत्रात एक दिवस गावातल्या बायका उजाडताना वर येतात, खळग्याभोवती जुन्या लुगड्यांची धडोती अंथरतात आणि ऊन तापेपर्यंत बसून राहतात. पूजा नाही, नारळ नाही. कुणी वाती वळतं, कुणी सुनेची उणीदुणी काढतं. त्याला उबवणीला बसणं म्हणतात. गरोदर बाईला मधली जागा. हल्ली पलीकडच्या खाणीत सुरुंग उडतो, जमीन हलते, आणि बसलेल्या सगळ्या जणी एकदम गप्प होतात. मीसुद्धा. साडेसहा कोटी वर्षं मला तोंडपाठ आहेत, तरी माझी मान तिकडे वळतेच. दर वर्षी तो आवाज जरा जवळून येतो.

का बसायचं, हे पोचूनंच सांगून ठेवलं आहे.

तर लटारूनं घण उचलला होता. तेवढ्यात म्हणे पुन्हा जमीन गडगडली, आणि मागची माणसं ओरडत उताराकडे पळाली. लटारूनं घण खाली टेकवला. पोचू मटकन खाली बसली, खळग्याच्या अगदी कडेला, एक हात पोटावर आणि एक गोट्यावर.

"ऊठ, पोरी," लटारू म्हणाला. आता त्याचा आवाज सासऱ्याचा राहिला नव्हता. "ती आली तर तुले चिरडून टाकंल. इथं बसून तू करणार काय?"

पोचू म्हणाली, "मामाजी, या अंड्यायची माय हाय ती; आली तर तिचे बाकीचे लेकरं कुठं गेले हे तिच्या तोंडाकडे पाहून सांगाले कोणीतरी इथं बसलेलं पायजे."