पायखडक

तिवराळच्या भगवतीचे देऊळ डावीकडे ठेवून खाली उतरले की वहाळावरचा सिमेंटचा पूल लागतो. पुलाच्या अंगाला, पाण्यातच, एक काळा दगडी खांब एकटा उभा आहे. माथ्यावर काही नाही, फक्त एका बाजूला खोल खाच. गावात त्याला पायखडक म्हणतात. भगवती सेवा मंडळाच्या रक्तदानाला नाहीतर डोळ्यांच्या तपासणीला बाहेरून कोणी मोठा पाहुणा आला, की मंडळाचे सर्वांत जुने सभासद आबा घाडी त्याला आधी इथे आणतात. पाहुण्याला वाटते, आता हारतुरे. आबा त्याला दगड दाखवतात आणि ही हकिकत सांगतात.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. तेव्हा मंडळ हे नावही नव्हते. गावातले बाराजण अडल्यानडल्याचे काम अंगावर घेत, एवढेच. पलीकडची बेचकेवाडी दोन वहाळांच्या मध्ये वसलेली. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाणी, आणि दर साली वाडीतले एखादे माणूस वहाळ ओलांडताना जायचे. बाराजणांनी ठरवले, इथे पक्का साकव, म्हणजे लाकडी पूल, घालायचा. काम दिले भिवा मेस्त्रीला.

भिवा म्हणजे हाताचा नव्हे, पायाचा मेस्त्री, असे गाव म्हणे. जमिनीवर बसून फळी डाव्या पायाने अशी दाबून धरायचा, की लाकूड तासायच्या वाकसाचा घाव केसभर हलत नसे. त्या पायावर घरातली सहा तोंडे जेवत होती. त्याने किंजळीच्या तुळया तासल्या, वहाळाच्या मधोमध दगडी खांब रचून घेतला आणि भाद्रपद सरता सरता साकव उभा केला.

आता आमच्याकडे साकव बांधणे सोपे, पण त्यावर पहिले पाऊल कोणाचे हे ठरवणे महाकठीण. गावात मानकरी चार आणि नाके आठ! एक म्हणे मान आमच्या घराचा, दुसरा म्हणे देवीची पालखी आम्ही उचलतो. हमरीतुमरीवर आले. शेवटी तोड निघाली, की बाहेरच्या एका सरदाराला बोलवायचे आणि पहिले पाऊल त्याचे. पण एकमेकांवर विश्वास कुठला? मग गुरवाने देवीपुढे गाऱ्हाणे घातले.

"जो कोण पावण्याआधी पाय घालीत, तेचो पाय तू घे, गे माये!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला. त्यात भिवाही होता.

दिवस ठरला घटस्थापनेचा. साकवाच्या अलीकडच्या तोंडाला आंब्याच्या पानांचा दोरा बांधला आणि राखणीला भिवाला बसवले. पलीकडे बेचकेवाडीची बावीस माणसे ओळीने उभी केली. बायांच्या हातात पंचारत्या, पोरांच्या हातात झेंडूची फुले. सरदार साकव ओलांडून आले की ओवाळायचे.

सकाळ गेली. दुपार झाली. सरदारांचा पत्ता नाही. आणि डोंगरावर हस्ताचा पाऊस फुटला.

हत्ती सोंडेने ओततो म्हणतात तसा तो ओतत होता. गढूळ पाणी घटकेत दोन हात चढले. पलीकडे पंचारत्या विझल्या, तरी ओळ मोडली नाही. तेवढ्यात वाडीच्या मागून ओरडा आला. मागचा वहाळ फुटला होता. पाणी घरांत शिरले, अंगणातून खाली धावत आले आणि ओळीतल्या पोरांच्या घोट्यांना लागले. मागे पाणी, पुढे पाणी, आणि मधे कोरा करकरीत साकव, ज्यावर पाय ठेवायला बंदी.

भिवा उठला. मानकऱ्यांतला एकजण म्हणाला, "पावणे वाटेत आसतले. वायच कळ काढ." गुरव म्हणाला, "मेस्त्र्या, थांब रे. आधी देवीक इचारतंय." आणि तो देवळाकडे पळाला. देवीच्या अंगावर फुलाची पाकळी लावायची, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून बसला. पाकळी हलेना, म्हणे. ना उजवी, ना डावी.

इकडे पाणी पोरांच्या गुडघ्याला आले. एक बाई पोराला खांद्यावर घेऊन रडत होती, पण साकवाकडे सरकत नव्हती. सगळ्यांनी शब्द दिला होता ना! भिवाला भीती वाटली. त्याने स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिले. हा गेला तर फळी कोण धरणार? सहाजण काय खाणार? पळून घरी जावे असेही त्याच्या मनात आले, आणि ते त्याने पुढे कधी लपवले नाही, असे सांगतात.

एवढ्यात पलीकडे ओळीतून एक म्हातारी बाहेर आली. वाडीतली सर्वांत थोरली, केसरआये. तिने लुगडे वर खोचले आणि ती साकवाकडे निघाली. भिवाच्या लक्षात आले. कोणीतरी पहिला पाय घातल्याशिवाय बाकीची माणसे हलणार नाहीत, आणि म्हातारी आपला पाय देवीला द्यायला निघाली आहे.

त्याने वाकस उचलला आणि दोरा तोडला.

"मेस्त्र्या, थांब!" केसरआये ओरडली. "माजो पाय जुनो झालो, जाऊं दे तो. तुजो पाय पोट भरता!"

भिवाने डावा पाय साकवावर टाकलासुद्धा होता. "पाय पडलो, आये!" तो ओरडला. "आता तुमका भय नाय. येवा बिगीन!"

मग ओळ हलली. भिवा मधल्या खांबाशी उभा राहिला आणि एकेकाला हाताला धरून पुढे काढू लागला. पोरे गेली, बाया गेल्या, एक बकरीही गेली. तुळया थरथरत होत्या. एकवीस माणसे पार झाली. केसरआये शेवटी आली. तिला त्याने अलीकडे ढकलले आणि त्याच क्षणी वरून फणसाचा एक आख्खा ओंडका वाहत आला. त्याने साकवाला धडक दिली, खांबाच्या खाचेतली तुळई निसटली आणि भिवाचा डावा पाय तुळई आणि खांबाच्या मध्ये सापडला. सहाजणांनी ओढून त्याला बाहेर काढले. पाय मात्र कामाचा राहिला नाही.

देवीने घेतला की ओंडक्याने, यावर गावात अजून वाद आहे. पण गुरव देवळातून परत आला तो धावतच. पाकळी उजवी पडली होती. तो सारखा देवीकडेच पाहत होता, तरी ती कधी पडली ते त्याला कळले नाही, म्हणे.

सरदार दुसऱ्या दिवशी पालखीतून आले. मोडका साकव पाहून त्यांनी विचारले, "पहिलं पाऊल कोणी टाकलं?" चारही मानकरी मागे सरले. केसरआये पुढे झाली. म्हणाली, "तुमची वाट बघूक येळ नव्हतो, म्हाराजा. आमचो जीव जाय होतो, तेना पाय दिल्यान." सरदार पालखीतून उतरले आणि अनवाणी भिवाच्या घरी गेले.

भिवाचा पाय जेमतेम भरून आल्यावर एके सकाळी केसरआये त्याच्या पडवीत येऊन बसली. तिने फळी पुढे ओढली, तिच्यावर स्वतःचा म्हातारा पाय घट्ट दाबून धरला आणि वाकस भिवाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी वाडीतला दुसरा कोणी आला, तिसऱ्या दिवशी तिसरा. भिवाचा वाकस थांबला नाही आणि घरातली चूल विझली नाही.

आजही मंडळाच्या कुठल्याही शिबिरात दोरा पाहुणा तोडत नाही. ज्याला गरज तो तोडतो. डोळे तपासायला आलेली पहिली म्हातारी, वह्या न्यायला आलेले पहिले पोर. पाहुणा उशिरा आला तर त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, आणि वेळेवर आला तर लोकांना पाणी द्यायला त्याच्या हाती कळशी देतात. आणि मंडळ दरसाल शाळेला एक बाक देते, तो भिवाच्याच घराण्यातला मेस्त्री करतो. आता यंत्रे आली आहेत, तरी पहिली फळी वाकसानेच तासायची. मेस्त्रीचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. तरीही तो डावा पाय मांडीखाली घेऊन बसतो आणि वाट पाहतो. मग बेचकेवाडीतले कोणीतरी पुढे येते, चप्पल काढते आणि फळीवर पाय ठेवते.