टिचकीचा चमचमता खडा

कान इकडे करा, पाय पांघरुणात घ्या.

समुद्राकाठी होतं एक मिठागर. तिथल्या बांधाखाली, एका बिळात, राहायची टिचकी. टिचकी म्हणजे चिंबोरीचं, खेकड्याचं पिल्लू. एवढंस्सं! चालायची तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु. वाटेत एक पाण्याचा खळगा. त्यात पाय पडायचाच. चुबुक!

टिचकीकडे होता मिठाचा एक खडा. चौकोनी, गुळगुळीत, चमचम चमचम. तो कुशीत घेतल्याशिवाय तिला झोपच यायची नाही.

एकदा खड्याला लागला चिखल. मग टिचकीनं काय केलं? खळग्यातल्या पाण्यात खडा धुतला! एकदा धुतला, दोनदा धुतला, घासून घासून धुतला. बघते तर काय? चिखल गेला, खडाही गेला!

मीठ कुणी धुतं का? पण टिचकी लहान, तिला काय ठाऊक! तिनं भोकाडच पसरलं.

बांधावरचा दगड म्हणाला, "रडू नको. मला घे कुशीत."

टिचकीनं मिठी मारली. आई गं, बोचला! पांढरे ठिपके, काळे ठिपके, लाल ठिपके. "तू असा कसा रे?"

"मी दगड ना! माझ्या पोटात कितीतरी खनिजं. सगळ्यांची खिचडी! तुझा खडा म्हणजे स्फटिक. एकाच खनिजाचा, नुसत्या मिठाचा. त्याचे कण ओळीत बसतात, म्हणून तो गुळगुळीत. जा, पाण्याला विचार."

तुरुतुरु तुरुतुरु, चुबुक!
"पाण्या पाण्या, माझा खडा दे."
"विरघळून माझ्यातच बसलाय तो. ऊन पडेल तर आटेन, आटेन तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, चुबुक!
"उन्हा उन्हा, पड ना. पाणी आटेना, माझा खडा मिळेना!"
"ढग हटेल तर पडेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चुबुक!
"ढगा ढगा, हट ना. ऊन पडेना, पाणी आटेना, माझा खडा मिळेना!"
"वारा वाहील तर हटेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चुबुक!
"वाऱ्या वाऱ्या, वाह ना. ढग हटेना, ऊन पडेना, पाणी आटेना, माझा खडा मिळेना!"
वाऱ्यानं दिली जांभई. "चांगुणामावशी गाईल तर वाहीन."

चांगुणामावशी मिठागरात मीठ ओढून ढीग लावायची. आत्ता बांधावर टेकली होती.

तुरुतुरु तुरुतुरु, चुबुक!
"मावशी मावशी, गा ना. वारा वाहीना, ढग हटेना, ऊन पडेना, पाणी आटेना, माझा खडा मिळेना!"

मावशी हसली. "गाईन गो पोरी. पन तू गप बसशील तर! मगापासनं त्या पान्यात नाचतंस. ढवललेल्या पान्यात मिठाचा खडा धरत नाय."

गप बसायचं? टिचकीनं? अरे बापरे! पण खडा हवा ना. बसली बिचारी. पाय पोटाशी घेतले. हलली नाही की डुलली नाही.

मग मावशी गायली, हूंऽ हूंऽ.
वारा वाहिला, सुळुक सुळुक.
ढग हटला.
ऊन पडलं.
पाणी आटू लागलं. हळू... हळू...

एक कण आला. शेजारी दुसरा बसला. शेजारी तिसरा. ना घाई, ना ढकलाढकली. ओळीवर ओळ. ओळीवर ओळ.

टिचकी बघत राहिली. बघता बघता डोळे मिटले. खड्याशिवाय!

जागी झाली, तर खळगा कोरडा. आणि मधोमध काय? चौकोनी, गुळगुळीत, चमचम चमचम!

टिचकीनं झडप घालून खडा कुशीत घेतला. खड्याला जरा माती लागली होती.

"धुतंस का गो?" मावशीनं विचारलं.

"नाय गो मावशी!" टिचकी म्हणाली. आणि तिनं खडा पोटाला पुसला.