चिकटलेलं पान

एका गावात एक पोथी होती, आणि ती दरवर्षी वाचली नाही तर गावच जागेवर राहणार नाही, असं तिथली शेंबडी पोरंसुद्धा सांगत. तुम्ही म्हणाल, असली कसली पोथी? तर ऐका. तिच्यात देवादिकांचं काहीच नव्हतं. गावातल्या प्रत्येक जित्या माणसाचं एक सुटं पान होतं, बस्स. मूल जन्मलं की पान घालायचं, माणूस गेलं की ते पान नदीत सोडायचं. आणि दर चैत्रात, चिंचेखाली सगळा गाव जमवून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती मोठ्यानं वाचायची. सात दिवस लागत. का वाचायची, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वाडवडील वाचत होते, म्हणून हेही वाचत होते.

जुना वाचक होता तोवर सगळं सुरळीत चाललं. म्हातारा अक्षर न् अक्षर वाचायचा. लोक पेंगायचे, तो वाचत राहायचा. तो वारला आणि त्याची जागा एका तरुण वाचकाला मिळाली. आवाज खणखणीत, बोलणं गोड, आणि स्वारी स्वतःच्या हुशारीवर भलती खूश.

पहिल्याच दिवशी त्यानं बिबट्याला काठीनं पिटाळणाऱ्या माणसाचं पान वाचलं. काय तो आवाज, काय तो आवेश! लोक गुडघ्यावर उभे राहून ऐकू लागले. मग आलं येसा कुंभारणीचं पान. 'माती आणली. मळली. गाडगी केली. भाजली. पुन्हा माती आणली.' वाचकानं वरून खाली एक नजर टाकली आणि पान बाजूला ठेवलं. कुणाला कळलंसुद्धा नाही. मग भिवा धनगराचं. 'मेंढरं नेली, मेंढरं आणली.' तेही बाजूला. भांडणं, चोऱ्या, मांडवातून पळालेली नवरी, एवढं मात्र त्यानं रंगवून रंगवून वाचलं.

हसू नका हो. तुम्ही काय वेगळं करता? पुस्तकात नदीचं वर्णन लागलं की दोन पानं पुढं जाऊन बसता की नाही? तसाच तोही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचं पान आलं. ते त्याला तोंडपाठ होतं. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेलं. 'आईचं काय वाचायचं?' असं मनाशी म्हणून त्यानं ते उचललं आणि न वाचताच ठेवून दिलं. सात दिवसांची पोथी तिसऱ्या दुपारी संपली. पाटलांनी त्याच्या अंगावर शाल घातली. "असा वाचक पाहिला नाही!" म्हणत लोक आपापल्या घरी गेले.

वाचक घरी आला. ऊन नुसतं रखरखत होतं. रोज दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहणारी आई आज दारात नव्हती.

"अगं, आई कुठं गेलीय?" त्यानं बायकोला विचारलं.

"कुणाची आई?" बायको तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"माझी! तुझी सासू!"

"अहो, असं काय करता? ऊन लागलं का डोक्याला? मी या घरात आले तेव्हापासून आपण दोघंच तर आहोत."

तो चिडून काही बोलणार, एवढ्यात कोपऱ्यातलं जातं त्याच्या नजरेस पडलं. जातं फिरत होतं. खुंट्याला हात लावलेला कुणी दिसत नव्हतं, आणि पीठ तर भुरुभुरु पडत होतं. बायको उठली, जात्याला वळसा घालून पाणी घ्यायला गेली. तिची नजर जात्यावरून तशीच सरकली, जशी त्याची येसाच्या पानावरून सरकली होती.

तो तसाच कुंभारवाड्यात धावला. येसाच्या अंगणात चाक गरगर फिरत होतं, त्याच्यावर एक ओलं मडकं आपोआप उभं राहत होतं. शेजारीण तिथून गेली, पण चाकाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माळावर भिवाची मेंढरं एका ओळीत चालली होती, आणि त्यांच्या मागं फक्त धूळ उडत होती. ज्यांची ज्यांची पानं त्यानं डोळ्यांखालून घालून बाजूला टाकली होती, ती माणसं त्याला एकट्याला आठवत होती. बाकी गावाला ती कधी होती हेच ठाऊक नव्हतं.

घरी येऊन त्यानं दार लावलं, पोथी सोडली आणि आईचं पान मोठ्यानं वाचलं. काही झालं नाही. पुन्हा वाचलं. फक्त त्याच्या कानाशी कुणीतरी घोगरा श्वास घेतल्यासारखं वाटलं. तेव्हा त्याला कळलं की ही पोथी एकट्यानं वाचून भागत नाही. गाव जमवावं लागेल, आणि का जमवलं तेही सांगावं लागेल. शाल जाईल, मान जाईल, लोक तोंडात शेण घालतील. तो बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. आत जात्याची घरघर हळूहळू मंद होत चालली होती. तो उठला आणि सरळ पाटलांकडे गेला.

"पुन्हा वाचायची? आत्ताच तर संपवलीत की बुवा!" पाटील म्हणाले.

"संपवली नाही, पाटील. उडवली. पानं गाळली मी."

चिंचेखाली माणसं जमली. "कुणाची पानं गाळलीत?" एकानं विचारलं.

"येसा कुंभारणीचं."

"कोण येसा? आपल्या गावात कुंभार कुठाय?" लोक हसले. मग एका बाईनं हळूच विचारलं, "मग आमच्या घरातले माठ कुणी केले?" हसू जागच्या जागी थांबलं. पाटलांचा चेहरा पांढरा पडला.

"शाल खाली ठेवा आणि वाचा," ते म्हणाले.

वाचकानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. अक्षर न् अक्षर वाचलं. येसाचं पान संपलं तशी चिंचेच्या बुंध्याशी येसा दिसली. ती कुठून आली नाही, तिथं बसलेलीच होती. ओठ फुटलेले, केस विस्कटलेले. ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली. भिवा तर पहिल्या रांगेतच होता.

सहाव्या दिवशी आईचं पान आलं. पुढची बाजू वाचून त्यानं ते उलटलं, आणि थबकला. पाठीमागंही लिहिलेलं होतं. जुन्या वाचकाच्या हातचं, बारीक अक्षर. म्हातारा ते वाचेपर्यंत हा दरवर्षी पेंगलेला असायचा. 'हिला अक्षर येत नाही. मुलाला वाचन नको वाटे, म्हणून ही रोज त्याच्याशेजारी बसून ओळीखाली बोट धरी. मूल शब्द गाळू लागलं की चेहऱ्यावरून ओळखी आणि म्हणे, पुन्हा वाच.' त्यानं शेवटचा शब्द उच्चारला आणि खाली पाहिलं.

आई त्याच्या गुडघ्यालाच टेकून बसली होती. "हाका मारून मारून घसा बसला रे," ती म्हणाली.

"आई, चुकलो गं!" त्यानं पोथी खाली ठेवली आणि तो तिच्या मांडीवर डोकं टेकवून हमसून हमसून रडला.

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडशील मग. आधी पुढचं पान वाच. त्या पानाचं माणूसही इथंच बसलंय."

त्यानं डोळे पुसले. पुढचं पान उचललं तर त्याला आणखी एक पान चिकटलेलं होतं. घसा सुकू नये म्हणून पहिल्या वाचनात तो गुळाचा खडा चघळत होता आणि त्याच जिभेवर अंगठा ओला करून भराभर पानं उलटत होता. त्यानं जपून, अगदी जपून पानं सोडवली. वरचं वाचता आलं. खालच्यावरची शाई फिसकटली होती. नुसता काळा डाग.

"कोण आहे?" तो ओरडला. "नाव सांगा! नाव सांगा हो कुणीतरी!"

चिंचेचं पानही हललं नाही. मग आई दबक्या आवाजात म्हणाली, "मी कुणाला दिसत नव्हते ना, तेव्हा माझ्याशेजारी एक पोरगी बसायची. माझा हात घट्ट धरून. नाव सांगितलं होतं तिनं मला." तिनं कपाळ दाबून धरलं. "आत्ता होतं रे ओठावर. गेलं."

वाचक पुढं म्हातारा झाला. त्याच्या पोथीतली पेंगवणारी पानंही लोक जागे राहून ऐकत. दरवर्षी तो त्या डागाच्या पानाशी येऊन थांबायचा, एक पान वाचायला लागतो तेवढा वेळ. गाव श्वास रोखून बसायचा. आणि दरवर्षी त्या शांततेत, गर्दीतून कुठूनतरी, एक पोरगी अगदी हळू आवाजात काहीतरी सांगत असल्यासारखं वाटायचं. पण काय सांगते, ते आजवर कुणाला ऐकू आलं नाही.

तात्पर्य: आपल्याला जे पान रटाळ वाटतं, ते कुणाचं तरी सगळं आयुष्य असतं, आणि आज उडवलेलं पान उद्या वाचायला मिळेलच असं नाही.