झुपकीचा बदाम आणि काकांचा रोबो

एक होती खार. मुठीत मावेल एवढी. शेपटी मात्र हीऽऽ मोठी! म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकी राहायची बदामाच्या झाडावर. झाड होतं एका बंगल्यात. झाडाखाली होता पोहायचा तलाव. तलावात कुणी पोहायचं नाही. सगळे त्याच्याकडे बघून फक्त म्हणायचे, "आमच्याकडे तलाव आहे."

एके सकाळी झुपकीनं बदाम तोडला. लालचुटूक. आयुष्यातला पहिला, स्वतःच्या दातांनी तोडलेला. आईला दाखवायला ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तोच पाय घसरला, बदाम सुटला आणि डुबुक!

बदाम तलावाच्या मधोमध. भोवती पानंच पानं. झुपकीला पोहता येईना. तिला रडूच आलं.

काठावर होती जाळी. लांब दांड्याची. झुपकी गेली तिच्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"जाळीताई, जाळीताई, माझा बदाम काढ ना."

जाळी म्हणाली, "मला का पाय आहेत? माळीमामा उठले, तर मी हलेन."

झुपकी गेली मामांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मामा उलट्या बादलीवर बसून चहा पीत होते.

"मामा, मामा, उठा ना. जाळी हलेना, बदाम मिळेना."

मामा म्हणाले, "मी कशाला उठू? आता तलाव साफ करायला रोबो येणार हाय. तवर जाळीला हात लावू नका, म्हणल्यात काकू. काकूंनी सांगितलं, तर मी उठेन."

झुपकी गेली नलूकाकूंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काकू झोपाळ्यावर. कुईंकुईं, कुईंकुईं.

"काकू, काकू, सांगा ना. मामा उठेना, जाळी हलेना, बदाम मिळेना."

काकू म्हणाल्या, "अगं, रोबो येणार म्हणून मी भिशीत सगळ्यांना सांगून बसलेय. आता जाळी फिरवली, तर लोक काय म्हणतील? काकांनी रोबो ठरवला, तर मी सांगेन."

झुपकी गेली अरुणकाकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काकांसमोर लॅपटॉप. डोळ्यांवर चष्मा. डोक्यावर दुसरा चष्मा.

"काका, काका, ठरवा ना. काकू सांगेना, मामा उठेना, जाळी हलेना, बदाम मिळेना."

काका म्हणाले, "हे बघ, रोबो आहेत एक्केचाळीस. हा भिंतीवर चढतो. त्याला निळा दिवा आहे. हा वायरवाला, तो बिनवायरचा. आणि हा काम झालं की गाणं म्हणतो."

झुपकीनं विचारलं, "पानं काढतो का?"

काका म्हणाले, "ते वाचायचं राहिलंय." मग खालच्या आवाजात म्हणाले, "शेजारच्या दिघ्यांनी घेतला, तर मी ठरवेन. त्यांच्याहून वीतभर मोठा हवा."

झुपकी गेली शेजारी दिघेकाकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. त्यांच्याकडेही तलाव. त्यातही पानंच पानं.

"दिघेकाका, दिघेकाका, घ्या ना. काका ठरवेना, काकू सांगेना, मामा उठेना, जाळी हलेना, बदाम मिळेना."

दिघेकाका म्हणाले, "छे छे! आधी अरुणराव घेऊ देत. मग मी हातभर मोठा घेईन."

झाली का पंचाईत! हे त्यांच्यासाठी थांबलेत, ते यांच्यासाठी थांबलेत. आणि तिकडे लाल बदाम काळा पडायला लागला. झुपकी कुंपणावर बसली. मुसुमुसु रडली. शेपटीनं डोळे पुसले.

तेवढ्यात तिला दिसलं एक खोकं. दिघेकाकांच्या फाटकाशी. फ्रिजचं, रिकामं, कपाटाएवढं. झुपकी शिरली आत. नखांनी केलं खर्र खर्र. शेपटीनं केलं फट फट.

खर्र खर्र, फट फट! खर्र खर्र, फट फट!

अरुणकाकांनी खिडकीतून पाहिलं. दोन्ही चष्मे लावून पाहिलं.

"अगं नलू, दिघ्यांनी घेतला वाटतं! एवढंऽऽ मोठं खोकं. आणि आवाज करतोय!"

मग काय! काकांनी एका मिनिटात रोबो ठरवला. सगळ्यात मोठा. तासाभरात टेम्पो आला. ढर्र ढर्र. टेम्पोतून रोबो उतरला. म्हशीएवढा.

काकूंनी त्याला कुंकू लावलं. ओवाळलं. काकांनी फोटो काढला. टेम्पोवाल्यानं रोबो तलावाकडे ढकलला. आता पडणार पाण्यात, तोच...

"थांबा!" काकू म्हणाल्या. "नवाकोरा रोबो, आणि असल्या घाणीत सोडताय? खराब नाही का होणार? मामा, आधी जाळी घ्या. तलाव साफ करा."

काकूंनी सांगितलं. मामा उठले. जाळी हलली. सळ्ळ, सळ्ळ! पानं निघाली, काड्या निघाल्या आणि टपकन निघाला बदाम!

मामा म्हणाले, "घे गं पोरी. तुझाच हाय." झुपकीनं तो दातांत धरला आणि धूम ठोकली.

मग रोबो पाण्यात उतरला. गुर्र गुर्र, गुर्र गुर्र. इकडे फिरला, तिकडे फिरला. रिकाम्या पोटानं वर आला. गाणं म्हणाला.

काका म्हणाले, "बघा! एक पान तरी दिसतंय का? याला म्हणतात रोबो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणावरून दिघेकाकांनी डोकावून पाहिलं आणि ते हातभर मोठा शोधायला पळाले.

वर झाडावर झुपकीनं बदाम आईला दाखवला.

आईनं विचारलं, "तूच तोडलास?"

"मीच तोडला. आणि मीच परत मिळवला."

आईनं तिला जवळ घेतलं. दोघींनी निम्मा निम्मा खाल्ला. कुटूकुटू, कुटूकुटू.

तेवढ्यात फांदी हलली. एक पान सुटलं. भिरभिरत, भिरभिरत आलं आणि तलावात पडलं.

खालून काकू ओरडल्या, "मामा, पळा! रोबो बाहेर काढा. पाण्यात पान पडलंय!"

मामा उठले. जाळी हलली. वर बदाम संपला, खाली गोष्ट संपली.