हातोडीचा खोटा ठोका

यंत्रं आणि हत्यारं आपसात बोलत, तेव्हाची ही गोष्ट. मडकं वाजवून घ्यावं, तसं दौलू मिस्त्री जुनं यंत्र हातोडीनं ठोकून बघायचा. लोखंडाला तडा असला की हातोडी बद्द वाजायची. ती कधी खोटं वाजली नव्हती.

एकदा त्याचा भाचा लहानू जुना बुलडोझर घ्यायला निघाला. नव्या पिवळ्या रंगाला न भुलता दौलूनं हातोडी उचलली. पुढचं पातं पेलणाऱ्या दांड्यात रंगाखाली तडा होता. बुलडोझर हळूच म्हणाला, "ताई, तू बद्द वाजलीस तर मला भंगारात तोडतील गं."

हातोडीला दया आली. ती खणखणीत वाजली.

"घे रे, लोखंड शाबूत आहे," दौलू म्हणाला.

आठच दिवसांत उतारावर दांडा मोडला, बुलडोझर कलंडला आणि लहानूचा पाय खाली सापडला. तो कायमचा अधू झाला. बुलडोझर शेवटी भंगारातच गेला.

"मामा, तुमचा काय दोष?" लहानू म्हणाला.

"माझे कानच म्हातारे झाले रे," म्हणत दौलूनं हातोडी खुंटीला टांगली.

हातोडीला खरं सांगून टाकायचं होतं. पण माणसाशी तिला फक्त ठोक्यानंच बोलता यायचं, आणि दौलूनं तिला पुन्हा कधी हातात घेतलंच नाही.