दोनशे एकावन्नावं नाव

"नाही, पण तुम्हीच सांगा वस्ताद, दोनशे एकावन्नाव्या नंबरला उचललेल्या पोरासाठी मी माझी बारा वर्षांची अक्कल गहाण टाकायची का?"

बाबालाल वस्ताद तालमीच्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"आधी बस," ते म्हणाले. "उभ्या उभ्या भांडाय मी काय तुझा भाऊबंद न्हाई."

धैर्यशील चौगुले बसला, पण नुसता नावाला. टाच जमिनीवर टिकत नव्हती.

वारणाकाठच्या या गावातून तो शिकायला बाहेर पडला, अमेरिकेत गेला आणि तिथल्या फुटबॉलच्या एका संघात नोकरीला लागला. खेळायला नव्हे. कुठला खेळाडू घ्यावा, कुठला सोडावा, हे आकडे मांडून मालकाला सांगायचं, हे त्याचं काम. वडिलांच्या वर्षश्राद्धाला चार दिवस गावी आला होता. दुपारी पंगत उठली, आणि चार वाजता हा तालमीच्या दारात. लहानपणी सहा वर्षं वस्तादांनी त्याला याच मातीत घासला होता. बाप गेल्यावर तक्रार घेऊन जायला एवढंच दार उरलं होतं.

"तिथला फुटबॉल म्हणजे आपला लाथेनं खेळायचा नव्हे," तो म्हणाला. "बॉल काखेत मारून पळायचं. समोरच्यानं आडवा करायचा."

"म्हंजे कबड्डी."

"कबड्डी नाही हो वस्ताद."

"पळायचं, धरायचं, आडवा करायचा. कबड्डीच की. एवढा सातासमुद्रापार गेलास आन् कबड्डीच बघत बसलास व्हय?"

एरवी तो हसला असता. आज त्याला ते लागलं. जो तो आपल्या कामाची चेष्टाच करतो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि एकदा मनानं घेतलं की सरळ बोलणंही वाकडं ऐकू येतं.

"ऐका तर खरं. वर्षातनं एकदा कॉलेजातल्या पोरांची निवड होते. ड्राफ्ट म्हणतात तिला. बत्तीस संघ. पाळीपाळीनं एकेकानं पोर उचलायचं, अशा सात फेऱ्या. पहिल्या फेरीत हिरे जातात. सातव्या फेरीत..." त्यानं हात झटकला. "सातव्या फेरीत गाळ."

"आमच्या मैदानात शेवटची कुस्ती लागती ती एक नंबरची."

"तिथं उलटं आहे."

"हां. मग बोल."

तो बोलला. भडाभडा बोलला.

संघात एकच जागा उरली होती आणि पोरं दोन होती. एक कॉनर. तीन वर्षांपूर्वी पहिल्या फेरीत, अकराव्या नंबरला उचललेला. दुसरा डॅरिल. यंदाच्या सातव्या फेरीत, दोनशे एकावन्नावा. कुठल्या तरी आडगावच्या कॉलेजातला, ज्याचं नाव निवडीच्या दिवशी पुकारणाऱ्यालाही नीट घेता आलं नव्हतं. दोघांचं काम एकच, लांबून फेकलेला बॉल झेलायचा आणि पळत सुटायचं. आज संध्याकाळी सातपर्यंत, म्हणजे तिथं सकाळ होते तेव्हा, दोघांतल्या एकाचं नाव धैर्यशीलनं कळवायचं होतं. ज्याचं नाव जाईल त्यानं दुपारपर्यंत आपलं सामान पिशवीत भरून घरी जायचं.

"डॅरिलचं नाव मी लिहून ठेवलंय," धैर्यशील म्हणाला. "यात विचार करण्यासारखं काही नाहीच."

"मग पाठीव की."

"पाठवणारच आहे."

"मग हितं कशाला आलास?"

धैर्यशीलची कानशिलं तापली.

"कारण तिथं वॉल्टर म्हणून एक म्हातारा प्रशिक्षक आहे. तो म्हणतो डॅरिलला ठेवा. का ठेवा? तर त्याला वाटतं म्हणून. पोराचे हात चांगले आहेत म्हणे. मी बारा वर्षांचे आकडे पुढं टाकले. सातव्या फेरीतली दहा पोरं घेतली तर तीन वर्षांनी त्यातलं एक टिकतं. कधी तेही नाही. पहिल्या फेरीतली दहातली आठ टिकतात. हे मी नाही म्हणत, आकडे म्हणतात. तर तो म्हातारा चाळीस माणसांदेखत मला काय म्हणाला ठाऊक आहे?"

"काय म्हनला?"

"म्हणाला, पोरा, हे आकडे तूच बनवतोस."

वस्तादांचा तेलाचा हात थांबला.

"म्हणजे मी खोटारडा," धैर्यशील म्हणाला. "एक आकडा खोटा निघाला तर नोकरी सोडीन म्हटलं. दोन दोनदा तपासलेत मी. आणि मालक काय करतो? खाली मान घालून हसतो. मला म्हणतो, तूच ठरव, पण नीट विचार करून ठरव. अरे, विचार करायचाच पगार घेतो ना मी? संताप होतो वस्ताद. आयुष्य घालवायचं एका कामात आणि कुणीही उठून थुंकायचं त्याच्यावर."

"म्हातारा खेळलेला हाय का?"

"हो. त्याच्या काळात."

"कितव्या फेरीत उचलला हुता?"

"...कुणीच उचलला नव्हता. आपणहून दारात जाऊन उभा राहिलेला."

"हं," वस्ताद म्हणाले.

ते 'हं' त्याला मुळीच आवडलं नाही.

"तसं काही नाही हं वस्ताद. स्वतःसारख्यांचा कळवळा येतो त्याला, एवढंच. कळवळ्यानं संघ चालत नाही."

"न्हाईच चालत," वस्ताद म्हणाले. "माज्या हाताखालनं चारेकशे पोरं गेली. गदा आनली दोघांनी. तुजा आकडा माज्यापरीस बराच म्हनायचा."

धैर्यशीलला जरा बरं वाटलं. इतक्या वेळात कुणी तरी त्याच्या बाजूनं बोललं होतं. त्यानं मोबाइल काढला आणि त्यावरची, कितव्या नंबरचं पोर किती टिकतं याची रेघ वस्तादांना दाखवली. पहिल्या नंबराशी आभाळाला टेकलेली, मग उतरत उतरत, शेवटी जमिनीलगत सरपटणारी.

वस्तादांनी डोळे बारीक करून बघितलं.

"त्या डॅरिलचं काय चुकलं?"

"शनिवारी सराव सामन्यात हातातला बॉल सोडला. ऐन मोक्याला."

"आन् कॉनर सोडत न्हाई?"

"सोडतो. पण त्याचं वेगळं आहे. तो अजून स्थिरावतोय."

"किती वरसं स्थिरावतोय?"

"...तीन."

"सरावात त्याच्याकडं बॉल किती येळा फेकला यंदा?"

हे आकडे धैर्यशीलला तोंडपाठ होते. "दोनशे वीस वेळा."

"सोडले किती?"

"चाळीस."

"आन् त्या पोराकडं?"

"अकरा वेळा."

"अकराच?"

"मागच्या रांगेतला असतो तो. आधी पुढच्यांचा सराव, मग मधल्यांचा. शेवटी दहा मिनिटं उरली तर यांचा. फेकणाराही तिसऱ्या नंबरचा असतो, त्याचे बॉल कुठंही जातात. उभा दिवस एकेकाला बघत बसायला वेळ कुणाला आहे?"

"अकरातले सोडले किती?"

"दोन."

वस्तादांना भागाकार येत नव्हता असं नाही, पण तो त्यांनी केला नाही. धैर्यशीलनं मात्र केला. चाळीस भागिले दोनशे वीस. दोन भागिले अकरा. उत्तर एकच. पहिल्यांदाच केला असंही नाही. अमेरिकेत बसून एकदा केला होता, आणि अकरा हा आकडा फार लहान, त्यावरून काही ठरवता येत नाही, असा शेरा मारून पुढं गेला होता. शेरा बरोबरच होता. कुठल्याही परीक्षेत त्याला त्याचे पूर्ण गुण मिळाले असते.

"अकरा वेळांवरून काहीच सिद्ध होत नाही वस्ताद," तो म्हणाला. आवाज हवा त्याहून मोठा आला.

"मी कुटं म्हनलं हुतंय म्हनून?"

"तुमच्या तोंडावर दिसतंय."

"माजं त्वांड हाय तसंच हाय साठ वरसं. उठ, हौदा खन. पैलवान यायची येळ झाली."

"आत्ता?"

"शरट काढ आन् खन. मगापासनं नुसता धुमसतोयस. जरा घाम जाऊ दे."

आता हौदा म्हणजे तालमीतली कुस्तीची चौकोनी जागा, लाल मातीनं भरलेली. रोज लढून ती माती दबते, घट्ट होते. म्हणून लढायच्या आधी रोज कुदळीनं खणायची, खोऱ्यानं वरखाली करायची, ढेकळं फोडायची. तेव्हा कुठं ती पडणाऱ्याला झेलते.

धैर्यशीलनं शर्ट खुंटीला अडकवला आणि कुदळ घेतली.

पहिले चार घाव त्यानं वॉल्टरच्या नावानं घातले. पुढचे मालकाच्या हसण्यावर. मग वस्तादांच्या त्या 'हं'वर. हाताला फोड आला तरी थांबला नाही. बारा वर्षं खुर्चीत बसलेला माणूस, पण अंगाला जुनी सवय होती. मधला भाग त्यानं असा खणला की पाय घोट्यापर्यंत आत जावा. ढेकळं हातानं कुस्करली, खोऱ्यानं सारखं केलं. घामानं पार निथळला. आणि खरं सांगायचं तर राग थोडा उतरलाही.

"झालं वस्ताद."

वस्ताद पायरीवरून उठून हौद्याच्या काठाशी आले. मधल्या मातीत त्यांनी पायाचा अंगठा दाबला.

"ब्येस," ते म्हणाले. "लोण्यावानी केलंस."

मग त्यांनी भिंतीकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"त्यो?"

कोपरा तसाच होता. काळपट, तुळतुळीत, वर नखानंही ओरखडा उठायचा नाही असा.

"तो कधी खणतो आपण?" धैर्यशील म्हणाला. "मी इथं होतो तेव्हाही कुणी खणत नव्हतं. तिथं कोण लढतंय?"

"कोन न्हाई लढत?"

"कुणीच नाही."

"का?"

"का म्हणजे..." तो म्हणाला. "दगडासारखा आहे तो."

"दगडासारका का झाला?"

"खणत नाही म्हणून."

"आन् खनत का न्हाई?"

"तिथं कुणी लढत नाही म्हणून," धैर्यशील म्हणाला, आणि आपलंच वाक्य फिरून आपल्यापाशी आलेलं त्याला ऐकू आलं.

...

मोबाइल पायरीवर दोनदा थरथरला. सहा वाजून गेले होते. मालकाचा निरोप असणार, नाव पाठवलं का म्हणून. त्यानं तिकडं बघितलंही नाही. त्याला पुन्हा राग आला होता, पण आता तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, आणि असला राग फार वाईट.

"हे बरोबर नाही वस्ताद," तो म्हणाला. "माती वेगळी, माणसं वेगळी. मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. जे टिकले नाहीत त्यांच्यापुढं टिकले नाहीत असंच लिहिलं."

"व्हय की."

"मग माझं चुकलं काय?"

वस्तादांनी सदरा काढला. आत हाडांचा सापळा, पण खांदे अजून रुंद. भिंतीला धरून, दुखरा गुडघा आधी, मग दुसरा, असे ते हौद्यात उतरले. मऊ मातीतून एकेक पाय उपसत पलीकडं गेले आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. चिमूटभर माती उचलायला वाकले. मातीच सुटेना, तेव्हा नुसती बोटं कपाळाला लावली.

तालमीचा रिवाज धैर्यशीलला ठाऊक होता. ज्यानं हौदा खणला त्यानं पहिली जोड धरायची. आणि वस्तादांनी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, मग बोलावलेला कोणी का असेना.

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. आवाज बारीकच आला.

"ये."

धैर्यशील मधल्या मातीत येऊन थांबला. "मधी या वस्ताद. इथं."

"मधी कशाला? म्या हितं हाय."

"तिथं नको."

"का नको? ह्यो बी हौदाच हाय. तूच खनलाईस."

"वस्ताद, वय काय तुमचं... तिथं पडलात तर कंबर मोडेल."

"कुनाची मोडंल?"

"तुमची."

"आन् मधी पडलो तर?"

"मधी काही होणार नाही. मधली माती खणलेली आहे."

...

बाहेर पैलवानांच्या चपला वाजायला लागल्या. पायरीवर मोबाइल पुन्हा थरथरला. धैर्यशील घोटाभर मऊ मातीत उभा होता, आणि समोर दगडावर म्हातारा दोन्ही हात पुढं करून, पाय फाकवून, अगदी पवित्र्यात उभा. थट्टा करत नव्हता. धैर्यशीलचे डोळे भरून आले ते कशानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"माझ्यानं होणार नाही वस्ताद," तो म्हणाला. "हाड मोडेल तुमचं."

"मोडलं का ऱ्हायलं, त्ये तू मागनं तुज्या आकड्यात मोज," वस्ताद म्हणाले. "आधी पाड."